एटीव्हीचा शॉकअप: लांबी ठरवायची कशी

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "एटीव्हीला लागेल असा शॉकअप द्या" म्हटलं, की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती लांबीचा?" एटीव्ही म्हणजे कच्च्या रस्त्यांवर पळवायची छोटी चारचाकी, आणि शॉकअप म्हणजे तिच्या चाकाचे धक्के पिणारा शॉक अॅब्झॉर्बर. रेसिंगकडे नव्यानं वळलेली बरीच मुलं इथेच अडतात. कुणी जुन्या शॉकअपला टेप लावून आलेला आकडा सांगतं. कुणी म्हणतं, "गाडी जरा उंच करायचीय, दोन इंच लांब द्या." आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे) बदलले असतील, शॉकअप अडकवायचे ब्रॅकेट नवीन मारले असतील किंवा चेसिसच स्वतः बांधली असेल, तर ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. लांबी तुमच्या गाडीचं चाक ठरवतं: ते जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतं आणि किती खाली लोंबू शकतं. ही दोन टोकं आधी सापडली पाहिजेत. शॉकअप त्यानंतर.

पुण्यात हा प्रश्न दोन प्रकारच्या लोकांना पडतो. एक म्हणजे यामाहा वायएफझेड४५०आर किंवा रॅप्टर ७०० सारखी क्वाड (हँडल असलेली एटीव्ही) घेऊन तिच्यात बदल करणारे. दुसरे म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजातले बाहाचे संघ. बाहा एसएई इंडिया स्पर्धा २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून इथल्या कॉलेजांमध्ये एकसीटी एटीव्ही स्वतः बांधणाऱ्या मुलांच्या पिढ्या तयार झाल्यात. दोन्ही गाड्या दिसायला वेगळ्या असल्या तरी मोजायची रीत एकच आहे. खाली उदाहरण क्वाडच्या पुढच्या बाजूचं घेतलंय. बाहावाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो.

आधी भाषा पक्की करा

शॉकअपची "लांबी" म्हणून एक आकडा सांगून भागत नाही. तीन आकडे लागतात.

ओपन लेंथ म्हणजे शॉकअप पूर्ण उघडा असताना वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर. क्लोज्ड लेंथ म्हणजे पूर्ण दाबल्यावरचं तेच अंतर. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. मोजायचं ते नेहमी मध्य ते मध्य. बुशच्या बाहेरच्या कडेपासून मोजलं तर दहा-पंधरा मि.मी.चा घोळ सहज होतो. टेपनं मध्य नीट सापडत नसेल तर दोन्ही बोल्टच्या वरच्या कडांमधलं अंतर मोजा. बोल्ट एकाच मापाचे असतील तर तेच मध्य ते मध्य भरतं.

ओपन लेंथ सारखी असलेल्या दोन शॉकअपचा स्ट्रोक सारखाच असेल असं नाही. ५०० मि.मी.चा एक शॉकअप १४५ मि.मी. दबेल, तर तेवढ्याच लांबीचा दुसरा ११० वरच थांबेल. फक्त "वीस इंची द्या" म्हणून घेतलेला शॉकअप गाडीत बसतो, पण चाक अर्ध्यातच अडतं, ते यामुळेच.

चौथा शब्द मोशन रेशो. चाक २५ मि.मी. वर गेलं की शॉकअप किती दबतो, त्याचं हे गुणोत्तर. डबल विशबोनच्या (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या) एटीव्हीत शॉकअपचं खालचं टोक आर्मच्या मधेच कुठेतरी असतं. त्यामुळे शॉकअप चाकापेक्षा नेहमी कमी चालतो. ०.६ च्या आसपासचा आकडा सर्रास दिसतो. म्हणजे चाकाला २५० मि.मी. ट्रॅव्हल (खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतची हालचाल) हवा असेल तर शॉकअपचा स्ट्रोक साधारण १५० लागतो. वायएफझेड४५०आरचा कंपनीचा पुढचा ट्रॅव्हल २५० मि.मी. आणि मागचा २८० मि.मी. आहे. नव्या माणसानं याहून जास्त ट्रॅव्हलच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रॅव्हल वाढवला की बॉल जॉइंट (आर्मचं टोक चाकाला जोडणारा गोल सांधा), टाय रॉड (हँडल फिरवलं की चाक वळवणारा दांडा), अॅक्सल सगळेच आपापल्या टोकाला जातात. मग शॉकअपची लांबी हा त्यातला सगळ्यात सोपा प्रश्न उरतो.

मोजण्यापूर्वी गाडीची तयारी

जागा सपाट हवी. भोसरी किंवा पिंपरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपची काँक्रीटची फरशी उत्तम. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तिथे मोजू नका.

चेसिस चार घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घ्या आणि स्पिरिट लेव्हल लावून दोन्ही दिशांनी सरळ करा. नंतर शॉकअप काढून बाजूला ठेवा. स्प्रिंग शॉकअपवरून उतरवायची असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर वापराच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडेल इतका जोर तिच्यात असतो. ब्रॅकेटला वेल्डिंग करायचं असेल तेव्हा शॉकअप गाडीवर ठेवायचा नाही. उष्णतेनं सील जातात, आणि अर्थिंगची क्लिप भलत्या जागी लागली तर करंट रॉडमधून जाऊन त्यावर बारीक खड्डे पडतात. मग तेल गळायला फार वेळ लागत नाही.

आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), रेसला लागणारं रिम आणि टायर एवढं सगळं बसवलेलं हवं. टायरमध्ये रेसचीच हवा भरा. उद्या वेगळ्या मापाचे टायर लावायचे असतील तर आज मोजू नका. त्या दिवशी सगळं पुन्हा मोजावं लागेल.

नकली शॉकअप बनवा

गॅस भरलेला शॉकअप हातानं दाबून हव्या त्या लांबीवर धरून ठेवता येत नाही. म्हणून एक डमी लागतो. एकात एक सरकणारे दोन चौकोनी पाइप घ्या. दोघांच्या टोकांना तुमच्या बोल्टच्या मापाची भोकं पाडा. बाहेरच्या पाइपला एक नट वेल्ड करून त्यात बोल्ट घाला, म्हणजे हव्या त्या जागी आतला पाइप आवळून धरता येतो. आतल्या पाइपवर स्टीलची पट्टी चिकटवली की वाचन थेट मिळतं. फॅब्रिकेटर काकांना चित्र काढून दाखवलं तर अर्ध्या तासात हातात येतो. रेसिंगच्या सगळ्या हत्यारांमध्ये इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही.

वरचे ब्रॅकेट या टप्प्यावर फक्त टॅक (वेल्डिंगचे एक-दोन ठिपके) मारून ठेवा. काका घाईत असतात. "पक्के मारून टाकू का?" असं विचारतीलच. पुढे सांगितलेला मापांचा तक्ता पूर्ण होईपर्यंत नाही म्हणा.

दोन टोकं शोधणं

सगळी मेहनत इथे आहे. एक अख्खी दुपार लागली तरी हरकत नाही.

खालचं टोक आधी. डमी ढिला सोडा आणि चाक स्वतःच्या वजनानं खाली लोंबू द्या. आता हळूहळू आणखी खाली दाबा आणि सर्वांत आधी काय अडतंय ते बघा. बहुतेक गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा त्याच्या कपाच्या कडेला टेकतो. हात लावून पाहिलं की कळतं: तोवर मऊ फिरणारा हब एकदम कडक होतो. त्याच स्थितीत हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. कित्येकदा चाक सरळ असताना सगळं मोकळं असतं आणि पूर्ण वळवलं की टाय रॉडचा एंड अडतो. मग तीच तुमची खालची हद्द. ब्रेकचा होज ताणला जातोय का तेही याच वेळी पाहून घ्या. होज लांब मिळतो, त्यामुळे त्याच्यासाठी ट्रॅव्हल कमी करायचं कारण नाही.

समजा या जागी डमीचं वाचन ५१० मि.मी. आलं.

आता वरचं टोक. चेसिसच्या सर्वांत खालच्या पाइपला किंवा स्किड प्लेटला (पोटाखालच्या संरक्षक पत्र्याला) टेकवून एक सरळ पट्टी आडवी धरा आणि ती दोन्ही चाकांच्या बाहेरपर्यंत येऊ द्या. पट्टीची पातळी म्हणजे चेसिसचं पोट. आता चाकाखाली जॅक लावून चाक वर घ्या. टायरचा तळ पट्टीपासून २५–३० मि.मी. खाली उरला की थांबा. तेवढी जागा सोडायची, कारण जंपवरून उतरताना टायरही दबतो. ती न सोडता चाक वर जाऊ दिलं तर शॉकअप संपायच्या आधी स्किड प्लेट जमिनीवर आपटते. आपल्याकडे मुरमाच्या खाली काळा पाषाण कुठे डोकं काढेल ते सांगता येत नाही.

चाक इतकं वर जाण्याआधीच दुसरं काही अडत असेल, म्हणजे वरचा आर्म चेसिसला लागत असेल, टायर मडगार्डला किंवा फूटपेगच्या नेर्फ बारला (पायाजवळच्या संरक्षक पाइपला) घासत असेल, तर ती जागा वरची हद्द धरा. इथेही हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. शॉकअपच्या स्प्रिंगचा बाहेरचा व्यास लक्षात घ्या. डमी बारीक असतो, स्प्रिंग जाड. पुठ्ठ्याची स्प्रिंगच्या मापाची नळी करून डमीवर चढवली तर आर्मला कुठे लागेल ते लगेच दिसतं. दबताना स्प्रिंग थोडी वाकते, म्हणून चारी बाजूंनी दहा मि.मी. मोकळी जागा हवी. रिझर्व्हॉयर (शॉकअपची जोडटाकी) असेल तर त्याची जागाही आताच बघा.

समजा इथे वाचन ३५० आलं.

म्हणजे ५१० आणि ३५० या यांत्रिक हद्दी. शॉकअप हद्दीच्या आत थांबला पाहिजे. दोन्ही बाजूंना पाच-पाच मि.मी. राखले की ओपन ५०५, क्लोज्ड ३५५, स्ट्रोक १५०. तुम्हाला हवा असलेला शॉकअप हा.

पाच मि.मी. कशासाठी? गाडी उडी मारते तेव्हा चारही चाकं झटक्यात खाली पडतात आणि पूर्ण लोंबतात. शॉकअप हद्दीपेक्षा लांब असेल तर तो धक्का बॉल जॉइंट खातो. बॉल जॉइंट त्यासाठी बनवलेला नसतो आणि तुटतो तेव्हा चाक निघून जातं. शॉकअपमध्ये मात्र उघडण्याच्या टोकाला रबर किंवा टॉप-आउट स्प्रिंग असते. म्हणून खाली थांबवायचं काम शॉकअपचं, आणि वर थांबवायचं काम शॉकअपच्या बंप स्टॉपचं, म्हणजे पूर्ण दबताना आपटू न देणाऱ्या रबराचं. धातूवर धातू कुठेच नाही.

चाक थोडं थोडं वर घ्या, आकडे लिहा

चाक खालच्या टोकाला न्या, डमीवर ५०५ असू द्या. आता जॅकनं चाक २५-२५ मि.मी. वर घ्या आणि प्रत्येक वेळी डमीची लांबी वहीत लिहा. चाकाची उंची हबच्या मध्यापासून चेसिसवरच्या एका पक्क्या खुणेपर्यंत मोजा. खूण खडूनं नको, ती पुसली जाते. सेंटर पंच मारा.

आपल्या उदाहरणात पहिल्या २५ मि.मी.ला डमी १४ मि.मी. कमी होतो, पुढच्या दोन पायऱ्यांना साडेचौदा-साडेचौदा, मग चार वेळा पंधरा किंवा त्याच्या आसपास, आणि शेवटच्या तीन पायऱ्यांना साडेपंधरा. म्हणजे मोशन रेशो ०.५६ पासून ०.६२ पर्यंत चढत गेला. हे चांगलं लक्षण आहे. चाक जितकं वर जाईल तितका शॉकअप जास्त वेगानं दबतो, आणि गाडी शेवटच्या टप्प्यात आपोआप कडक होते.

तुमच्या वहीत आकडे उलटे, म्हणजे उतरते आले तर शॉकअपचा कोन चुकलाय. चाक वर जाताना शॉकअप आणि आर्म यांच्यातला कोन काटकोनाकडे यायला हवा. तसं होत नसेल तर वरचा ब्रॅकेट बाहेर किंवा आत सरकवून पुन्हा मोजा. टॅकच मारलेत, दोन मिनिटांत निघतात. ब्रॅकेट हलवला की वरच्या आणि खालच्या टोकांची वाचनंही बदलतात, त्यामुळे ती पायरी पुन्हा करावी लागते. कंटाळा येतो, पण शॉकअप एकदा ऑर्डर झाला की ब्रॅकेट हलवायची संधी गेली.

तक्त्यावरून एक गोष्ट आणखी काढा. स्वार बसल्यावर गाडी किती बसली पाहिजे? रेसमध्ये साधारण एकूण ट्रॅव्हलच्या तीस टक्के धरतात. २५० चे तीस टक्के ७५ मि.मी. तक्त्यात चाक ७५ वर असताना डमी ४६२ दाखवतो, म्हणजे शॉकअप ४३ मि.मी. दबलेला असेल. वर १७५ मि.मी. शिल्लक, त्यात टायरसाठी सोडलेले तीस मिळवले की चेसिसचं पोट जमिनीपासून सुमारे २०५ मि.मी. वर आलं. जंप असलेल्या ट्रॅकसाठी ही उंची ठीक आहे. खडकाळ घाटवाटांवर पळवायची असेल तर कमी वाटेल.

इथे "उंच करायला लांब शॉकअप" या समजुतीचा निकाल लागतो. गाडीची उभी राहायची उंची स्प्रिंग आणि प्रीलोड (स्प्रिंग बसवतानाच किती दाबून ठेवलीय ते) ठरवतात. शॉकअपची ओपन लेंथ चाक किती खाली जाऊ शकतं एवढंच ठरवते. लांब शॉकअप घालून उंची मिळवली की आर्म कायम खाली झुकलेले राहतात, ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, अरुंद होतो, खड्ड्यात चाक स्वतःहून वळायला लागतं आणि गाडी वळणावर उलटायला सोपी होते. क्वाड उलटली की तिचं वजन माणसावर येतं, हे विसरून चालणार नाही.

बाजारात आकडे जुळत नाहीत तेव्हा

५०५/३५५ मापाचा शॉकअप तयार मिळेलच असं नाही. समोर तीन पर्याय आले असं धरा.

पहिला ओपन ५००, स्ट्रोक १४५. क्लोज्ड ३५५. फक्त पाच मि.मी. कमी उघडतो, चाकाला जेमतेम नऊ मि.मी.चा फरक. डोळे झाकून घ्या.

दुसरा ओपन ५००, स्ट्रोक १३०. क्लोज्ड ३७०. वरच्या टोकाला पंधरा मि.मी. आधी थांबेल, म्हणजे चाकाचा पंचवीसच्या आसपास ट्रॅव्हल गेला. गाडीला धोका नाही, पण जंपवर लवकर बॉटम होईल, म्हणजे शॉकअप शेवटाला आपटेल. पैसे कमी असतील आणि ट्रॅक सपाट असेल तर चालवून घेता येतो.

तिसरा ओपन ५२०, स्ट्रोक १५०. हा तसाच लावायचा नाही. ५१० ला बॉल जॉइंट अडतो आणि हा त्याच्याही पुढे उघडतो. शॉकअप उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून आत रॉडवर पंधरा मि.मी.चा स्पेसर टाकून घेतला तर ओपन ५०५ होईल. क्लोज्ड मात्र ३७० च राहील, कारण आतला स्पेसर उघडण्याची बाजू कमी करतो, दबण्याची नाही. उरला स्ट्रोक १३५. नायट्रोजन भरलेला शॉकअप घरी उघडायचा नाही. दाब आधी सोडावा लागतो आणि नंतर तो परत भरायला यंत्र लागतं.

मोटरसायकलच्या मागच्या जोडीतला शॉकअप लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो पेठेत हाताशी मिळतो. त्याचा स्ट्रोक सहसा १०० मि.मी.पेक्षाही कमी असतो, म्हणजे आपल्या गाडीत चाकाला दीडशे-एकशेसाठचा ट्रॅव्हल. शिवाय मोटरसायकलमध्ये तो चाकाजवळ, जवळजवळ उभा बसतो. ०.६ मोशन रेशोच्या आर्मवर त्याच स्प्रिंगचा परिणाम चाकापाशी ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.३६ उरतो. आणि साधा तेलाचा दुहेरी नळीचा शॉकअप फार आडवा बसवला तर तेलात हवा मिसळते आणि दोन फेऱ्यांत डॅम्पिंग (धक्का जिरवायची ताकद) संपतं. शिकायला, चेसिस हलवून पाहायला ठीक. रेसला नाही.

शॉकअप बनवून घेत असाल तर चिठ्ठीवर एवढं लिहा: ओपन, क्लोज्ड, क्लोज्ड मोजताना बंप रबर दबलेलं धरलंय की नाही, दोन्ही टोकांच्या बोल्टचा व्यास, बुशची रुंदी, स्प्रिंगसाठी जास्तीत जास्त बाहेरचा व्यास, बसवायचा कोन आणि तक्त्याची झेरॉक्स. बंप रबराचा मुद्दा सोडू नका. कॅटलॉगमध्ये बरेचदा रबर नसतानाची क्लोज्ड लेंथ छापलेली असते आणि तिथेच पंधरा-वीस मि.मी.ची गफलत होते.

आर्म लांब केले असतील तर

चाकांमधलं अंतर वाढवण्यासाठी दोन इंच लांब आर्म हा सगळ्यात लोकप्रिय बदल. समजा आर्म पिव्हटपासून बॉल जॉइंटपर्यंत ३८० चा ४३० झाला आणि शॉकअपचा खालचा बोल्ट पूर्वीच्याच जागी राहिला. शॉकअपला लागणारी लांबी बदलत नाही. आर्म तेवढाच फिरतो. पण चाकाचा ट्रॅव्हल तेरा टक्क्यांनी वाढतो आणि चाकापाशी स्प्रिंग सुमारे बावीस टक्के मऊ पडते. म्हणून "लांब आर्म म्हणजे लांब शॉकअप" हेही खरं नाही. बहुतेक वेळा जुनी लांबी चालते, स्प्रिंग कडक लागते. मात्र चाक आता जास्त वर येतं, तेव्हा पट्टी धरून वरचं टोक नव्यानं तपासा. लाँग ट्रॅव्हल किटमध्ये खालचा बोल्टच बॉल जॉइंटकडे सरकवलेला असतो, तिथे अर्थातच सगळी मापं नवी.

मागची बाजू

स्विंगआर्म आणि एकच शॉकअप असलेल्या क्वाडमध्ये लिंकेजमुळे मोशन रेशो ०.४ च्या आसपास येतो. शॉकअपमध्ये पाच मि.मी. बदलले की अॅक्सल बारा मि.मी. हलतो. म्हणून इथे मिलिमीटरची चैन नाही. मागची बाजू उचलली की पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि सरळ रस्त्यावर हँडल चळवळायला लागतं. चेनही तपासा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि अॅक्सल एका रेषेत येतात त्या क्षणी चेन सगळ्यात ताणलेली असते. डमी लावून गाडी त्या स्थितीत आणा आणि तिथे चेनला थोडी ढील उरते आहे ना ते बघून मगच अॅडजस्टर आवळा.

बाहाच्या गाडीत मागे सीव्ही जॉइंटचे हाफ शाफ्ट (चाक फिरवणारे, कोनातही चालणारे दांडे) असतात आणि तिथे खालची हद्द बॉल जॉइंटऐवजी शाफ्ट ठरवतो. शाफ्टवर मार्करनं रेघ मारा आणि चाक खालून वर नेताना तो कपात किती आत-बाहेर सरकतो ते पाहा. खाली लोंबताना बाहेर निसटता कामा नये, वर जाताना तळाला टेकता कामा नये, आणि कोन जॉइंटच्या मर्यादेत हवा. बाहाच्या चार तासांच्या एंड्युरन्स रेसमध्ये कित्येक चांगल्या गाड्या शाफ्ट निसटल्यानं उभ्या राहतात, आणि मूळ कारण बरेचदा मागचा शॉकअप दहा मि.मी. लांब असणं हे असतं. फॉक्स फ्लोटसारखा हवेचा शॉकअप वापरणाऱ्या संघांनाही लांबीचे हेच नियम लागू. स्प्रिंग नसते म्हणून हवेच्या दाबानं उंची मिळते, ओपन लेंथ तीच राहते.

स्प्रिंगचं गणित, थोडक्यात

गाडी आणि स्वार मिळून २६० किलो, त्यातले पुढे ४५ टक्के, म्हणजे ११७. चाकं, हब आणि आर्मचा काही भाग असे दोन्ही बाजूंचे २४ किलो वजा केले की ९३. एका चाकावर साडेशेहेचाळीस किलो, म्हणजे ४५६ न्यूटन. मोशन रेशो ०.६ नं भागलं की शॉकअपवर ७६० न्यूटन. शॉकअप ४३ मि.मी. दबून हे वजन पेलायला हवा, म्हणून स्प्रिंग साधारण १७ ते १८ न्यूटन प्रति मि.मी. प्रीलोड दिला तर थोडी मऊ चालेल. तुमच्या गाडीचं वजन अंदाजानं धरू नका, चार काट्यांवर चार चाकं ठेवून मोजा, आणि स्वार हेल्मेट-बूट घालून बसलेला असू द्या.

स्प्रिंग घेताना ती पूर्ण दबल्यावर किती उंचीची होते ते विचारा. मोकळ्या उंचीतून ती वजा केल्यावर १५० स्ट्रोक, अधिक प्रीलोड, अधिक थोडी फट एवढं उरलं पाहिजे. नाहीतर शॉकअप संपण्याआधी स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसतात आणि वरचा ब्रॅकेट उपटतो.

बसवल्यावर

पहिल्या दिवशी उड्या नाहीत. रॉडवर रबराची ओ-रिंग नसेल तर केबल टाय हलका आवळून सरकवा. स्वार बसवून, गाडी दोन-तीनदा दाबून सोडा आणि सॅग, म्हणजे गाडी किती बसली ते, मोजा. ७५ च्या जागी ९० येत असेल तर प्रीलोड वाढवा. खूपच वाढवावा लागला तर स्प्रिंग मऊ आहे, बदला. मग मुरमाच्या मैदानात वेग हळूहळू वाढवत फेऱ्या मारा आणि प्रत्येक वेळी टायची जागा बघा. ट्रॅकवरच्या सगळ्यात मोठ्या जंपला टाय टोकाला पोचत असेल तर योग्य. प्रत्येक खड्ड्याला पोचत असेल तर स्प्रिंग किंवा कंप्रेशन (शॉकअपचा दबताना होणारा विरोध) कमी पडतंय. कधीच पोचत नसेल तर ट्रॅव्हल वाया जातोय. चाक हवेत जाताना खाली "टण्ण" असा आवाज आला तर थांबा, घोडीवर घ्या आणि बॉल जॉइंट पुन्हा हातानं फिरवून बघा. कपाच्या कडेवर चमकदार चट्टा दिसला तर ओपन लेंथ अजून जास्त आहे.

पावसाळ्यात चाचणी घेत असाल तर काळी माती रिम आणि आर्ममध्ये भरून बसते, तिचं वजन चाकावर येतं आणि रिबाउंड (शॉकअप दबून परत उघडणं) मंद वाटायला लागतो. धुऊन मगच सेटिंग बदला. डाव्या-उजव्या टायच्या जागा वेगळ्या आल्या, तर क्लिकर (शॉकअपवरचा सेटिंगचा नॉब) फिरवण्याआधी दोन्ही वरच्या ब्रॅकेटची चेसिसपासूनची उंची मोजा. टॅक पक्के करताना वेल्डिंगच्या ओढीनं एक बाजू दोन-तीन मि.मी. सरकलेली असते, आणि ते घोडीवर मोजल्याशिवाय दिसत नाही.